कोलोनोस्कोपीच्या फोटोत जिवाणू दिसतात का? भावाचा कोलायटिस आणि मायक्रोबायोम टेस्ट

साताऱ्याची_मुक्ता

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्रच असते, आज घरच्या कामासाठी धागा काढतेय, लांबलाय जरा, सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या भावाला, वय २७, गेल्या पावसाळ्यापासून शौचाला आव आणि रक्त पडत होतं. आधी मूळव्याध समजून मलम झालं, मग आव म्हणून गोळ्यांचे कोर्स झाले, वजन उतरायला लागलं तेव्हा कुठे आम्ही त्याला पुण्यात पोटविकार तज्ज्ञांकडे नेलं. कोलोनोस्कोपी झाली. रिपोर्टमध्ये लेफ्ट साइडेड अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूच्या अस्तराला सूज आणि व्रण), मेयो स्कोअर (सूज किती याचा आकडा) २ असं आहे. सोबत रंगीत फोटो दिलेत, अस्तर लालभडक, निरोगी आतड्यात बारीक रक्तवाहिन्यांची जाळी दिसते म्हणे ती गायब आणि जागोजागी पांढुरके ठिपके. मेसालामाइनच्या गोळ्या आणि रात्रीचा एनिमा चालू आहे, उतार पडतोय.

आता प्रश्न असा की बंगळुरूच्या चुलतभावाने काळजीपोटी घरी एक किट पाठवलं, शौचाचा नमुना द्यायचा आणि पोटातल्या जिवाणूंचा रिपोर्ट येतो. तो आला. पस्तीसेक पानं आहेत. विविधता कमी, अमुक जिवाणू जास्त, तमुक कमी, आणि शेवटी कुठले प्रोबायोटिक (पोटासाठी चांगले म्हणून विकतात ते जिवाणू) घ्यायचे त्याची यादी. डॉक्टरांनी तो चाळला आणि याचा मला आत्ता उपयोग नाही म्हणून बाजूला ठेवला, ओपीडीत गर्दी इतकी की पुढे विचारायची हिंमत झाली नाही. घरी आई फोटोतले पांढरे ठिपके दाखवून विचारते की हेच का ते जंतू. मला खरंच कळून घ्यायचंय:

फोटोत जिवाणू दिसतात का? बायॉप्सी तर मायक्रोस्कोपखाली बघतात, मग त्या रिपोर्टमध्ये जिवाणूंबद्दल एक अक्षर का नाही? आणि किटचा रिपोर्ट नि स्कोपचा रिपोर्ट एकमेकांना जोडून वाचायचे कसे?

---

दिगंत_पु

वाचतोय. माझ्या मेव्हण्यालाही हेच आहे. एक विचारू का, किटचा नमुना नक्की कधी दिला होता, स्कोपच्या आधी की नंतर?

---

साताऱ्याची_मुक्ता

स्कोपनंतर, त्याच आठवड्यात. आणि तेव्हा आधीच्या डॉक्टरांनी दिलेली अँटिबायोटिकही नुकतीच संपली होती.

---

स्लाईडवाली

मुक्ता, मी मुंबईत हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण बायॉप्सीचे ब्लॉक कापणं आणि स्लाईड रंगवणं हेच रोजचं काम, त्यामुळे तुझ्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते.

आधी आईला सांग की ते पांढरे ठिपके जंतू नाहीत. सुजलेल्या अस्तरावर पू साचतो, म्हणजे आपल्याच पांढऱ्या पेशी, फायब्रिन, मेलेल्या पेशींचा थर, तो तसा दिसतो. जिवाणू असतो १ ते २ मायक्रॉनचा, मिलिमीटरचा हजारावा भाग म्हण. चांगला एचडी स्कोप घेतला तरी तो मिलिमीटरच्या काही शतांशांपर्यंतचाच बारकावा दाखवतो. एकटा जिवाणू त्यात दिसणं शक्यच नाही.

आता बायॉप्सी. डॉक्टर चिमट्याने तांदळाच्या कणीएवढे तुकडे काढतात आणि लगेच फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकतात. फॉर्मॅलिन पेशी उत्तम टिकवतं, म्हणूनच ते सगळीकडे वापरतात. पण आतड्याच्या अस्तरावर जो चिकट म्युकसचा थर असतो, जिथे जिवाणूंची खरी वस्ती, तो बहुतेक पाणीच असतो, तो फॉर्मॅलिनमध्ये आकसतो, पुढे प्रोसेसिंगमध्ये अल्कोहोल आणि झायलीनमधून जाताना उरलासुरलाही निघून जातो. स्लाईडवर आम्हाला दिसतं ते धुतलेलं अस्तर. पॅथॉलॉजिस्ट त्यात बघतात ते वेगळंच, ग्रंथी वेड्यावाकड्या झाल्यात का, त्यात पांढऱ्या पेशी घुसल्यात का, तळाशी प्लाझ्मा पेशी जमल्यात का. भावाच्या रिपोर्टमध्ये क्रिप्टायटिस (ग्रंथींची सूज), क्रिप्ट ॲब्सेस (ग्रंथीत साचलेला पू) असले शब्द असतील बघ. आजार जुना आहे की तात्पुरता संसर्ग आहे हे त्यावरून ठरतं, आणि ते फार मोलाचं आहे. जिवाणूंबद्दल लिहिलेलं नाही ते त्या पद्धतीत ते शिल्लकच राहत नाहीत म्हणून.

म्युकस टिकवायचा असेल तर कार्नॉय नावाचं पाणीविरहित फिक्सेटिव्ह लागतं, त्यात अल्कोहोल, क्लोरोफॉर्म आणि ॲसेटिक ॲसिड असतं. त्यावर फिश नावाचं तंत्र वापरून जिवाणूंना चमकणारे प्रोब लावले की हिरव्या-लाल ठिपक्यांची रांग अस्तरापासून किती लांब आहे ते मोजता येतं. हे संशोधनात होतं, रोजच्या लॅबमध्ये नाही. आमच्याकडे तर क्लोरोफॉर्म हाताळायलाच वेगळी परवानगी आणि हूड लागतो.

---

दिगंत_पु

बापरे, हे माहीतच नव्हतं. म्हणजे जिथे बघायचं तिथलंच धुवून टाकतो आपण.

---

उत्तरेकडचा_वारा

स्लाईडवालींचा प्रतिसाद वाचून लॉगिन केलं. मी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) आहे. माझा विषय म्युकस नाही, पण या विषयातलं सगळ्यात पायाभूत काम इथल्याच विद्यापीठात झालंय आणि त्यांची भाषणं ऐकून ऐकून थोडं कळायला लागलंय.

मोठ्या आतड्यात म्युकसचे दोन थर असतात. बाहेरचा सैल, त्यात जिवाणू राहतात आणि तोच खातातही. आतला घट्ट, अस्तराला चिकटलेला, निरोगी आतड्यात तो जवळजवळ जिवाणूमुक्त असतो. दोन्ही थर एमयूसी२ नावाच्या एकाच प्रथिनाचे बनतात. हे २००८ मध्ये इथल्या गटाने उंदरांवर दाखवलं, आणि ते दिसलं कशामुळे तर त्यांनी फॉर्मॅलिन सोडून कार्नॉय वापरलं म्हणून. ज्या उंदरांमध्ये एमयूसी२ बनतच नाही त्यांच्यात जिवाणू थेट पेशींना भिडतात आणि त्यांना आपोआप कोलायटिस होतो, बाहेरून कुठलाही वाईट जंतू द्यावा लागत नाही. आहेत तेच, नेहमीचे जिवाणू, फक्त अंतर संपलेलं. मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं आणि कुठल्याही किटच्या रिपोर्टमध्ये हे येत नाही, कारण किट विचारतं कोण आहे आणि किती टक्के आहे, ते कुठे आहे हे विचारतच नाही.

पुढे २०१४ मध्ये याच गटाने माणसांच्या ताज्या बायॉप्सी घेतल्या, त्यावर जिवाणूच्या आकाराचे चमकणारे मणी टाकले आणि ते म्युकसमधून किती आत जातात ते बघितलं. निरोगी माणसांत मणी वर अडकतात. कोलायटिस भडकलेल्यांमध्ये बहुतेकांच्यात आत पोचतात. आणि ज्यांचा आजार शांत होता त्यांच्यात दोन प्रकार दिसले, काहींचा थर निरोगी माणसासारखा झाला होता, काहींचा अजून झिरपत होता. म्हणजे स्कोपमध्ये गुलाबी छान अस्तर दिसलं तरी वरचं कुंपण पूर्ण उभं राहिलं असेलच असं नाही.

आता शौचाचा नमुना आणि अस्तर. २००५ मध्ये अमेरिकेत तीन निरोगी माणसांच्या आतड्याच्या वेगवेगळ्या भागांतून बायॉप्सी आणि सोबत शौचाचा नमुना घेऊन जनुकीय तपासणी केली होती, तिथेच दिसलं की शौचातले जिवाणू आणि अस्तरावरचे जिवाणू सारखे नसतात. २०१८ मध्ये इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने तर लोकांना प्रोबायोटिक देण्याआधी आणि देताना दुर्बिणीतून थेट आतड्यातून नमुने घेतले. काही लोकांच्या अस्तरावर ते जिवाणू टिकले, काहींच्या आतड्याने त्यांना थाराच दिला नाही, आणि गंमत नाही सांगत, शौचात मात्र ते सगळ्यांच्या सापडत होते. त्याच गटाच्या जोडीच्या अभ्यासात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे स्वतःचे जिवाणू परत यायला उलट जास्त वेळ लागला. ते निरोगी स्वयंसेवक होते, कोलायटिसचे पेशंट नव्हते, तरी किटच्या शेवटी जी खरेदीची यादी असते ती वाचताना हे लक्षात असू दे.

---

वर्धेकर

उत्तम माहिती येऊन राहिली. थोडा वेगळा पण याच रस्त्यावरचा अनुभव सांगतो.

मला काही वर्षांपूर्वी उजव्या बाजूला पोटात दुखणं, संध्याकाळी बारीक ताप, वजन कमी. स्कोपमध्ये लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि सीकममध्ये (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला) अल्सर निघाले. डॉक्टर म्हणाले, हे टीबी पण असू शकतं आणि क्रोन्स (कोलायटिसच्याच जातीचा आतड्याच्या सुजेचा आजार) पण, आणि फोटो बघून छातीठोक सांगता येणार नाही. भारतात हा पेच रोजचा आहे. अल्सर आडवे, आतड्याला वळसा घालणारे असले आणि आयलिओसीकल व्हॉल्व्ह (लहान-मोठ्या आतड्यांमधली झडप) उघडा पडलेला असला की टीबीकडे संशय जातो. अल्सर लांबट उभे, मधे मधे निरोगी अस्तर, दगडी फरशीसारखा पृष्ठभाग असला की क्रोन्सकडे. पण दोन्हींचे फोटो एकमेकांत मिसळतात. आणि इथे चुकणं महागात पडते, टीबी असताना स्टेरॉइड दिलं तर टीबी पसरू शकतो, क्रोन्स असताना नुसती एकेटी (टीबीची औषधं) देत बसलं तर तेवढे महिने आजार आत वाढतो.

माझ्या बायॉप्सीत टीबीचा जिवाणू दिसला नाही, जीनएक्सपर्ट (टीबीच्या जिवाणूची जनुकीय तपासणी) निगेटिव्ह. डॉक्टरांनी समजावलं की फुफ्फुसाच्या टीबीत थुंकीत जिवाणू भरपूर असतात, आतड्याच्या तुकड्यात फार थोडे, म्हणून निगेटिव्ह आलं तरी टीबी नाही असं म्हणता येत नाही. शेवटी एकेटी सुरू करून दोनेक महिन्यांनी परत स्कोप केला. अल्सर भरले होते. तेव्हा पक्कं झालं की टीबी होता, मग सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण.

सांगायचा मुद्दा हा की माझ्या बाबतीत जिवाणू कोणालाच दिसला नाही, अस्तर औषधाला कसं उत्तर देते त्यावरून तो ओळखला. त्यामुळे दुसऱ्यांदा स्कोप सांगितला तर पैसे उकळतात असं लगेच धरून चालू नका भाऊ-बहिणींनो.

---

साताऱ्याची_मुक्ता

वर्धेकर दादा, तुमचं वाचून अंगावर काटा आला. आता बरे आहात ना?

भावाचा बायॉप्सी रिपोर्ट काढून बघितला, क्रिप्टायटिस आणि क्रिप्ट ॲब्सेस दोन्ही लिहिलंय, बेसल प्लाझ्मासायटोसिस पण. पहिल्यांदाच तो कागद काही अर्थाने वाचला.

---

वर्धेकर

एकदम ठणठणीत ताई. वजन पण भरून आलं.

---

स्लाईडवाली

मुक्ता, दिगंत यांनी नमुना कधी दिला हे विचारलं ते फार योग्य होतं. स्कोपच्या आधी जे पोट साफ करायचं औषध पितात त्याने आतड्यातले जिवाणू मोठ्या प्रमाणात वाहून जातात, बहुतेकांची घडी पुन्हा बसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्यात अँटिबायोटिक. म्हणजे त्या पस्तीस पानांत भावाच्या आजाराची छबी कमी आणि धुलाईची जास्त असणार. विविधता कमी येणारच की.

आणखी एक, हे मात्र कोलायटिसच्या प्रत्येक घराला माहीत हवं. पेशंटचा त्रास अचानक वाढला तर तो आजाराचा फ्लेअर (आजार पुन्हा भडकणं) आहे की सी डिफिसिल नावाच्या जिवाणूचा संसर्ग हे बघावं लागतं, खास करून अँटिबायोटिक झाल्यावर. एरवी हा जिवाणू स्कोपमध्ये त्याची खूण सोडतो, पिवळट-पांढऱ्या चिकटलेल्या पापुद्र्यांची, स्यूडोमेम्ब्रेन म्हणतात. पण ज्यांना आधीच कोलायटिस आहे त्यांच्यात हे पापुद्रे बऱ्याचदा दिसतच नाहीत. म्हणजे फोटो साध्या फ्लेअरसारखा आणि कारण वेगळंच. तिथे शौचाची सी डिफ टॉक्सिनची तपासणीच कामाची, आणि ती साधी, नेमकी तपासणी आहे, एक प्रश्न आणि त्याचं एक उत्तर. स्टेरॉइड वाढवण्याआधी ही झाली का एवढं विचारायला अजिबात लाजू नकोस.

---

दिगंत_पु

एक तांत्रिक शंका. मी इंजिनिअर माणूस, मला वाटतं की कॅमेऱ्याचं रेझोल्युशन वाढवलं की प्रश्न सुटायला हवा. असे स्कोप आहेत का की ज्यात जिवंत माणसाच्या आतड्यात जिवाणूच दिसतील?

---

उत्तरेकडचा_वारा

आहेत. कॉन्फोकल लेझर एंडोमायक्रोस्कोपी. स्कोपच्या टोकाशी लेझरचा सूक्ष्मदर्शक, शिरेतून फ्लुरोसीन नावाचा चमकणारा रंग देतात, त्वचा काही तास पिवळसर दिसते, आणि सुमारे हजार पटीने मोठं चित्र तिथल्या तिथे मिळतं, तुकडा न काढता. जर्मनीत माइन्झला २००४ च्या सुमारास हे आतड्यात वापरायला लागले. २०११ मध्ये 'गट' (Gut) नावाच्या वैद्यकीय जर्नलमध्ये एक पेपर आला त्यात या तंत्राने अस्तराच्या आत शिरलेले जिवाणू जिवंत पेशंटमध्ये दाखवले, फिशने पडताळूनही पाहिले, आणि कोलायटिस नि क्रोन्सच्या पेशंटमध्ये ते निरोगी आतड्यापेक्षा खूप जास्त वेळा सापडले. या तंत्रात अस्तराच्या पेशी गळून पडतात तिथली फटही दिसते, रंग बाहेर झिरपताना दिसतो. तर तुमचा अंदाज बरोबर आहे, दिसतं. पण एका वेळी दिसणारा भाग मिलिमीटरभराचाही नसतो, मोठं आतडं दीड मीटर, यंत्र महाग, वाचणारी माणसं मोजकी, आणि कुठला जिवाणू आहे ते चित्र सांगत नाही. रोजच्या तपासणीत ते आलेलं नाही.

उलट्या टोकाची गोष्टही आहे. व्हिएन्नाच्या गटाने २०२१ मध्ये १४२६ पेशंटच्या कोलोनोस्कोपी बघितल्या आणि साध्या एचडी कॅमेऱ्याला डोळ्यांनी दिसेल असा पिवळा-हिरवट चिकट थर शोधला, धुतला तरी न निघणारा. हा जिवाणूंचा बायोफिल्म, म्हणजे चिकटून राहिलेली दाट वस्ती. आयबीएसवाल्यांपैकी (सूज नसताना पोटाचा त्रास असणारे) ५७ टक्के, अल्सरेटिव्ह कोलायटिसवाल्यांपैकी ३४ टक्के, आणि तुलनेच्या गटात ६ टक्के लोकांत तो सापडला, बहुतेक लहान आतड्याच्या शेवटाला आणि उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात. कित्येक वर्षं डॉक्टर हा थर नीट न झालेली सफाई समजून पाण्याच्या फवाऱ्याने बाजूला सारत आले असणार. मला हा पेपर फार आवडतो, कारण नवीन यंत्र काहीच नाही, नजर फक्त बदलली. पण तो थर त्रासाचं कारण की त्रासाचा परिणाम हे त्यातून ठरत नाही, आणि तो काढायचं मान्यताप्राप्त औषध नाही, म्हणून भावाच्या फोटोत तो शोधत बसू नका.

---

हिरवी_मिरची_नको

मी आहारतज्ज्ञ आहे, नाशिकला. म्युकसचा विषय निघालाय म्हणून लिहिते.

२०१६ चा एक गाजलेला प्रयोग आहे, उंदरांच्या पोटात माणसाचे ठराविक जिवाणू वाढवले आणि आहारातला चोथा काढून घेतला. जिवाणू उपाशी राहिले आणि त्यांनी म्युकस खायला सुरुवात केली, थर पातळ झाला, मग एक आतड्याचा रोगजंतू दिला तर त्या उंदरांना जास्त जोरात कोलायटिस झाला. उंदीर आहेत, तेव्हा एकास एक लावू नका, पण भाज्या, डाळी, ज्वारी-बाजरी का खायची याचं मला पटलेलं कारण हे आहे.

मात्र, आणि हे मी ठळकपणे लिहितेय, फ्लेअर चालू असताना कच्च्या कोशिंबिरी, शेंगदाण्याचा कूट, सालासकट कडधान्यं लादू नका. तेव्हा मऊ भात, मुगाचं वरण, शिजवून मऊ केलेला दुधी, भोपळा, केळं. शांत झाल्यावर हळूहळू वाढवायचं. ताकाबद्दल सगळे विचारतात. पचत असेल तर घरचं ताक खुशाल प्यावं, अन्न म्हणून. औषध म्हणून नाही. विकतच्या प्रोबायोटिकबद्दल अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजी असोसिएशनने २०२० मध्ये स्पष्ट लिहिलंय की क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये ते फक्त चाचण्यांच्या चौकटीतच वापरावेत.

किटच्या रिपोर्टबद्दल अजून एक. आपल्याकडे धान्य-डाळींच्या जेवणामुळे बऱ्याच लोकांत प्रिव्होटेला हा जिवाणू भरपूर असतो. भारतातल्या अनेक अभ्यासांत हे आलंय. रिपोर्टची तुलना युरोप-अमेरिकेतल्या लोकांशी केली असेल तर निरोगी भारतीय माणूसही बिघडलेला दिसू शकतो. माझ्याकडे लोक असे रिपोर्ट घेऊन रडकुंडीला येतात हो, वाईट वाटतं.

---

दिगंत_पु

मग दिल्लीच्या एम्समध्ये निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू पेशंटला देतात ते?

---

हिरवी_मिरची_नको

हो, ती व्यवस्थित चाचणी आहे, २०२२ ला प्रसिद्ध झाली. सौम्य ते मध्यम अल्सरेटिव्ह कोलायटिसचे ६६ पेशंट, निम्म्यांना अनेक दात्यांचे जिवाणू कोलोनोस्कोपने दर आठवड्याला आणि सोबत दाह कमी करणारा आहार, बाकीच्यांना नेहमीचं औषध. पहिल्या गटाला जास्त फायदा झाला आणि पुढे नुसत्या आहारावरही वर्षभरात काही जणांचा टिकला. आशेची गोष्ट आहे, आणि आपल्या लोकांवर झालेली आहे म्हणून मला जास्त महत्त्वाची वाटते. पण दाते तपासून, तज्ज्ञ केंद्रातच. घरी व्हिडिओ बघून करणारे लोक आहेत, त्यांनी कृपया थांबावं, त्यातून गंभीर संसर्ग होऊ शकतो.

---

साताऱ्याची_मुक्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल फॉलोअप होता. यावेळी एका कागदावर तीनच प्रश्न लिहून नेले आणि डॉक्टरांनी शांतपणे उत्तरं दिली, त्यांनाही बरं वाटलं असावं.

किटचा रिपोर्ट फाइलमधून काढून टाकला, प्रोबायोटिक मागवले नाहीत. त्रास अचानक वाढला तर आधी सी डिफ तपासायचं हे त्यांनी स्वतःच प्रिस्क्रिप्शनच्या कोपऱ्यात लिहून दिलं. आता तीन महिन्यांनी शौचाची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी ज्यात आतड्याच्या भिंतीची जाडी मोजतात, भिंत ३ मिलिमीटरच्या वर जाड असली की सूज आहे असं धरतात म्हणे. स्कोप लगेच परत नाही, औषधाला सहाएक महिने देऊन मग. आईला ठिपक्यांचं समजावलं, तिचा जीव भांड्यात पडला.

एक शेवटचं विचारते, कॅल्प्रोटेक्टिनला काही पथ्य असतं का? लॅबवाला नुसती डबी देतो.

---

स्लाईडवाली

फार नाही. कॅल्प्रोटेक्टिन हे आतड्यात आलेल्या पांढऱ्या पेशींचं प्रथिन, त्यामुळे अस्तर सुजलंय का हे ते थेट सांगतं. साधारण ५० च्या खाली नॉर्मल, २५० च्या वर म्हणजे सूज बऱ्यापैकी, मधला आकडा आला तर परत करतात. दरवेळी त्याच लॅबमध्ये कर म्हणजे आकड्यांची तुलना होते. आणि नमुन्याआधी काही दिवस आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या वेदनाशामक गोळ्या नकोत, त्यांनी आकडा वाढतो. खरं तर भावाला त्या एरवीही नकोतच, कोलायटिस भडकू शकतो. डोकं-अंग दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून.